हौसेला मोल नाही, कर मात्र आहे

'हौसेला मोल नाही' ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याच्या उधळपट्टीकडे पाहून, किंचित हसून वापरतो. तिचा अर्थ मात्र केवळ थट्टेचा नाही. एखादी गोष्ट आवडीने करणारा माणूस तिच्यापायी किती वेळ आणि किती पैसा खर्ची घालतो, याचा हिशेब तो स्वतः ठेवत नाही आणि इतरांनीही तो मागू नये, असा एक समंजस संकेत तिच्यात दडलेला आहे. भारतातल्या प्राप्तिकर कायद्याने हा संकेत फारच मनावर घेतलेला दिसतो. हौसेला मोल नाही, म्हणून हौसेपायी झालेला खर्च तो सहसा मोजत नाही. पण त्याच हौसेतून चार पैसे हाती आले, तर ते मात्र तो पैसा न् पैसा मोजतो.

सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. छंदातून मिळालेल्या पैशांवर कर नसावा, असे या लेखाचे म्हणणे नाही. नोकरदाराच्या पगारावर कर आहे, तर आवडीने केलेल्या कामाच्या मोबदल्याने वेगळे असे काय पुण्य केले आहे? आवड हे करमाफीचे कारण होऊ शकत नाही. तसे झाले तर आपल्या नोकरीवर मनापासून प्रेम करणाऱ्या भाग्यवंतांना सर्वांत आधी करमुक्त करावे लागेल. प्रश्न कर घेण्याचा नाही, तो कशावर घेतला जातो याचा आहे. उत्पन्न म्हणजे आलेले सगळे पैसे, की आलेल्यातून गेलेले वजा केल्यावर उरलेले? दुकानदाराच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलगाही देईल. हौशी माणसाच्या बाबतीत कायद्याचे उत्तर वेगळे पडते. ते का वेगळे पडते, हे पाहण्यासारखे आहे.

पुढे जी कलमे सांगितली आहेत त्यांचे क्रमांक १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातले आहेत. त्याची जागा घेणाऱ्या २०२५च्या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यात क्रमांक बदलले, भाषा काहीशी सुटसुटीत झाली. पण आपल्या विषयापुरती घडी जुनीच राहिली. म्हणून साठ वर्षांच्या वापराने ओळखीचे झालेले जुने क्रमांकच येथे ठेवले आहेत.

कायद्याने माणसाच्या उत्पन्नाचे पाच कप्पे केले आहेत: पगार, घरमालमत्ता, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि 'इतर मार्गांनी मिळणारे उत्पन्न'. यांत 'छंद' हा शब्द कोठेही नाही. कायद्याच्या दृष्टीने छंद अस्तित्वातच नसतो. असते ती फक्त त्यातून आलेली रक्कम. पहिल्या चार कप्प्यांत जे मावत नाही ते पाचव्यात जाते. घरात जशी एक खोली किंवा माळा असतो, जिथे कोठेच जागा नसलेल्या वस्तू ठेवल्या जातात, तसा हा पाचवा कप्पा. दिवाळी अंकातल्या कथेचे मानधन, शनिवारी-रविवारी केलेल्या सूत्रसंचालनाचे पाकीट, पक्ष्याच्या छायाचित्राचा मोबदला ही सगळी मंडळी सामान्यतः या माळ्यावर बँकेच्या व्याजाशेजारी जाऊन बसतात. बसतात बिचारी, पण व्याज मिळवायला काही करावे लागत नाही आणि कथा लिहायला लागते, हा फरक माळ्यावर पोचेपर्यंत पुसला जातो.

उत्पन्न कशाला म्हणावे, याबद्दल न्यायालयांनी पुष्कळ विचार केला आहे. १९३२ साली शॉ वॉलेस कंपनीच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उत्पन्नाला झाडाच्या फळाची आणि शेतातल्या पिकाची उपमा दिली: ठरावीक उगमातून, काही एका नियमिततेने येणारी प्राप्ती ती उत्पन्न. उपमा सुंदर आहे. तिच्यात झाड आणि फळ वेगळे आहेत. फळावर कर असेल, झाडावर नाही. पण झाडाला पाणी कोणी घातले, ते फळाच्या आशेने घातले की सावलीच्या ओढीने, हा प्रश्न त्या उपमेत येत नाही.

तो प्रश्न १९५८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्रावणकोरच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले पी. कृष्ण मेनन हे वेदान्ताचे अध्यापन करीत. शिष्यांकडून ते शुल्क मागत नसत. लंडनच्या एका धनवान शिष्याने मात्र गुरूच्या नावे वेळोवेळी मिळून सुमारे दोन लाख चाळीस हजार रुपये दिले. प्राप्तिकर खात्याने ते करपात्र ठरवले. मेनन यांचे म्हणणे असे की, मी पैशांसाठी शिकवत नाही. ही भेट आहे. न्यायालयाने ते मानले नाही. वेदान्त शिकवणे ही एक 'वृत्ती' आहे. ती पैसे मिळवण्याच्या हेतूने चालवलेली असलीच पाहिजे असे नाही. आणि शिकवल्यामुळे जे मिळाले ते त्या वृत्तीचे उत्पन्नच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. मराठीत 'वृत्ती' या शब्दाला उपजीविका आणि मनाची ठेवण असे दोन्ही अर्थ आहेत. या निकालाने ते दोन्ही एकाच वहीत मांडले म्हणायचे.

निकालात खोट काढता येत नाही. हेतूवर करमाफी अवलंबून ठेवली तर प्रत्येकजण निष्काम कर्मयोगी होईल. पैसा आला की तो उत्पन्न, मग तुमच्या मनात काहीही असो. हे मान्य करू या. अडचण पुढेच आहे. पाचव्या कप्प्यातल्या उत्पन्नातून खर्च वजा करायचा असेल, तर कलम ५७ची अट अशी की, तो खर्च 'संपूर्णतः आणि केवळ' ते उत्पन्न मिळवण्याच्या हेतूने केलेला हवा, आणि तो भांडवली स्वरूपाचा नको. १९७८ साली राजेंद्र प्रसाद मूडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अटीचा अर्थ उदारपणे लावला. खर्चातून प्रत्यक्ष उत्पन्न झालेच पाहिजे असे नाही. हेतू तसा असला म्हणजे पुरे. गुंतवणूकदारासाठी ही मोठीच सवलत ठरली. हौशी माणसाच्या हाती मात्र काहीच लागले नाही, कारण नेमका हेतूच त्याच्याजवळ नसतो!

म्हणजे असे झाले, की पैसे येताना कायदा म्हणतो, तुझा हेतू काय होता याच्याशी मला कर्तव्य नाही. आणि खर्च सांगायला जावे, तर तोच कायदा विचारतो, तुझा हेतू काय होता? छंद जितका निर्मळ, तितकी वजावट कमी आणि कर अधिक. ज्याने पहिल्या दिवसापासून पैशांवर डोळा ठेवला त्याचा खर्च मान्य. ज्याने निव्वळ आनंदासाठी सुरुवात केली त्याचा अमान्य.

एक काल्पनिक पण अगदी साधे उदाहरण घेऊ. एक नोकरदार गृहस्थ आहेत. पगार बरा, करदराच्या तीस टक्क्यांच्या टप्प्यात ते मोडतात. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की रोहित पाहायला भिगवणला जातात, एखाद्या वर्षी भरतपूरही गाठतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दीड लाखाचा कॅमेरा आणि भिंगे घेतली. यंदा प्रवास-मुक्कामावर पंचवीस हजार आणि दुरुस्तीवर पाच हजार, असे तीस हजार गेले. काढलेल्या छायाचित्रांपैकी काही एका दिनदर्शिकेसाठी निवडली गेली आणि चाळीस हजार मिळाले. कॅमेऱ्याची गोष्ट सोडून दिली, तरी यंदाची शिल्लक दहा हजारांची. पण प्रवास केला तो पक्षी पाहण्यासाठी, दिनदर्शिकेसाठी नव्हे. तेव्हा काटेकोर अधिकाऱ्याने अट शब्दशः लावली तर तो खर्च गेला. कॅमेरा भांडवली, म्हणून तो गेला. आणि त्यावरचा घसाराही या कप्प्यात मिळत नाही, कारण तो येथे यंत्रसामग्री भाड्याने देणाऱ्यांपुरता ठेवलेला आहे. कर बसतो चाळीस हजारांवर. अधिभार नाही असे धरले, तरी उपकरासह तो होतो १२,४८० रुपये. हाती राहिले होते दहा हजार, द्यायचे साडेबारा हजार. हौसेला मोल नाही, हे खरे. पण दंड असावा काय?

यावर जाणकार म्हणतील, एवढे आहे तर ते उत्पन्न सरळ धंदा-व्यवसायाच्या कप्प्यात दाखवावे. मग प्रवास वजा होईल, कॅमेऱ्यावर घसारा मिळेल. सल्ला चुकीचा नाही. फक्त त्याबरोबर नोकरदाराचे साधे विवरणपत्र जाऊन धंद्याचे लांबलचक विवरणपत्र येते, हिशेबाच्या वह्या येतात, सी.ए.चे शुल्क येते. आणि सरकारी नोकरांच्या बाबतीत तर एक वेगळीच पंचाईत आहे. केंद्र सरकारच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतला पंधरावा नियम परवानगीवाचून खासगी धंदा करायला मनाई करतो. मात्र साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचे 'प्रासंगिक' काम करायला मुभा देतो. म्हणजे कार्यालयात सांगायचे की हा माझा प्रासंगिक छंद आहे, आणि विवरणपत्रात लिहायचे की हा माझा धंदा आहे! प्रामाणिक माणसाने कोणत्या कागदावर खरे लिहावे? त्याने छंद म्हटले की खर्च बुडतो, धंदा म्हटले की नोकरीला कैफियत द्यावी लागते.

छंद कोणता आणि व्यवसाय कोणता, हे ठरवणे थोरामोठ्यांनाही सोपे गेलेले नाही. सचिन तेंडुलकर यांच्या करनिर्धारणाचा वाद मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापुढे गेला होता. त्याचा निकाल २०११ साली लागला. जाहिरातींतून परदेशी चलनात मिळालेल्या मोबदल्यावर त्यांनी कलावंतांसाठी त्या वेळी असलेली सवलत मागितली होती. त्यांची मांडणी अशी की, जाहिरातींतले काम हा अभिनय, तो माझा व्यवसाय. क्रिकेट मी व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळत नाही, म्हणून ते उत्पन्न 'इतर मार्गां'त. खात्याला ही मांडणी पटेना; हे क्रिकेटपटू नव्हेत तर मग क्रिकेटपटू म्हणावे तरी कोणाला, असा त्याचा सूर होता. न्यायाधिकरणाने मात्र एका माणसाचे दोन व्यवसाय असू शकतात हे मान्य करून सवलत दिली. लोकांनी त्या वेळी या प्रकरणाची बरीच मजा घेतली. त्यातला गंभीर भाग असा, की साऱ्या देशाला जे एका माणसाचे जीवितकार्य वाटत होते, ते करविवरणात माळ्यावरच्या कप्प्यात सुखाने बसू शकत होते. कप्प्यांची नावे आणि आयुष्यातली खरी स्थाने यांचा संबंध किती थोडा असतो, हे यावरून कळावे.

आता कायदा कोणाच्या खर्चावर किती विश्वास ठेवतो, ते पाहू. छोट्या धंदेवाल्याने वह्या ठेवू नयेत म्हणून कलम ४४एडीची सोय आहे. त्याच्या उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत आले असतील तर ६ टक्के, नफा धरायचा. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव रुपये खर्च झाले, हे कायदा एकही पावती न मागता मानतो. वकील, डॉक्टर, वास्तुरचनाकार अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी कलम ४४एडीए आहे. तिथे निम्मा खर्च मानला जातो. हौशी माणसाच्या वाट्याला अशी कोणतीही सोय नाही. दुकानदाराला माल विकत घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या खर्चाचे प्रमाण मोठे, हे उघड आहे. त्याचा मत्सर करण्याचे कारण नाही. पण निम्मा खर्च आणि शून्य खर्च यांत जे अंतर आहे, त्याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करायचे?

त्या ठरावीक व्यावसायिकांच्या यादीत चित्रपट कलावंतही आहेत, आणि त्या संज्ञेत अभिनेता-दिग्दर्शकांबरोबर गीतकार, कथालेखक, पटकथालेखक, संवादलेखक हेही येतात. येत नाही तो कवी, आणि येत नाही तो कादंबरीकार. तीच लेखणी, तेच टेबल. चित्रपटासाठी गीत लिहिले तर शंभरातले पन्नास खर्चाचे समजले जातात, कवितेवर नियतकालिकाने मानधन दिले तर शंभरच्या शंभर निव्वळ लाभाचे!

अशा गमती शोधायला फार लांब जावे लागत नाही. शब्दकोडी सोडवणे हा मराठी मध्यमवर्गाचा किती जुना आणि किती निरुपद्रवी छंद! कायद्याने कोड्याच्या बक्षिसाला लॉटरी, घोड्यांच्या शर्यती आणि पत्त्यांचे डाव यांच्या पंगतीला बसवले आहे. त्यावर सरसकट ३० टक्के कर, एका रुपयाचाही खर्च वजा न करता. मग त्या माणसाचे बाकीचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी. २००१ साली तर दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांची बक्षिसेही याच पंगतीत येतात, असा खुलासा कायद्यात घालण्यात आला. ज्ञान आणि नशीब यांत फरक करण्याचे कारण कायद्याला दिसले नाही. याच्या उलट, रोपवाटिकेत वाढवलेली रोपे विकून आलेले उत्पन्न २००८च्या वित्त कायद्यापासून शेतीचे समजले जाते, आणि म्हणून प्राप्तिकरातून मुक्त असते. करदर ठरवताना ते विचारात घेतात, एवढेच. झाडांची हौस अशी फळली तर ठीक. शब्दांची हौस फळली तर कर. आणि घोड्यांची? कलम ७४ए पाहा. शर्यतीचे घोडे बाळगण्यात तोटा झाला, तर तो पुढची चार वर्षे ओढून त्याच प्रकारच्या उत्पन्नातून वजा करता येतो. श्रीमंतांच्या एका छंदाला तरी खर्च असतो हे कायद्याला माहीत आहे म्हणायचे. पाचव्या कप्प्यातल्या इतर तोट्यांना हा पुढच्या वर्षाचा दरवाजा उघडा नाही.

लेखकांसाठी कायद्याने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००३च्या वित्त कायद्याने कलम ८०क्यूक्यूबी आणले. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकाच्या स्वामित्वधनातून तीन लाख रुपयांपर्यंत वजावट त्याने दिली. शालेय क्रमिक पुस्तके, मार्गदर्शके, नियतकालिके, दैनंदिन्या वगैरे त्यातून वगळली. यात तारतम्य होते. गाइड आणि कादंबरी यांतला फरक एकदा तरी कायद्याच्या भाषेत उमटला. पण दोन गोष्टींनी या कलमाची धार बोथट केली आहे. पहिली अशी की, त्यात लेखकाने हे उत्पन्न 'आपल्या व्यवसायाच्या ओघात' मिळवलेले असावे, असे शब्द आहेत. आणि नियतकालिके वगळल्यामुळे दिवाळी अंकांचे मानधन मुळातच बाहेर राहते. दुसरी गोष्ट मोठी. २०२० साली कमी दरांची नवी करपद्धती आली, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ती आपोआप लागू होणारी पद्धत झाली. तीत ही वजावट नाही. जुनी पद्धत मागून घेता येते. पण काही हजारांच्या स्वामित्वधनासाठी पगाराच्या लाखांवर चढे दर कोण पत्करील? कलम रद्द झाले नाही. त्याच्या दारापर्यंत जाणारी वाट तेवढी बंद झाली.

याचा मराठीशी असलेला संबंध वेगळा सांगायला नको. आपले साहित्य बव्हंशी नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांनी उभे केले आहे. श्री. ना. पेंडसे 'बेस्ट'च्या नोकरीत होते, बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. नारायण सुर्वे यांनी गिरणीपासून शाळेपर्यंत कष्टाची कामे केली. यांना 'हौशी' म्हणणे धार्ष्ट्याचे होईल. पण करविवरणाच्या भाषेत, ज्याचे पोट दुसऱ्या कामावर चालते आणि लेखनाचे पैसे तुरळक येतात, तो हौशीच. आजही कथा-कविता लिहिणारा माणूस कोठेतरी कारकून, शिक्षक, अभियंता असतो. पुस्तके विकत घेणे, संदर्भासाठी गावोगाव फिरणे, टंकलेखन करून घेणे हा खर्च तो त्या पगारातून करतो, आणि मानधनाचा धनादेश आला की त्यावरही पगाराच्याच सर्वोच्च दराने कर भरतो. आपण 'मानधन' हा शब्द मोठ्या अदबीने घडवला: मान आणि धन. कायद्याला त्यातले धन तेवढे दिसते.

इतर देशांनी हा गुंता निरनिराळ्या तऱ्हेने सोडवला आहे. जर्मन करव्यवहारात अशा उद्योगासाठी 'लीबहाबेराय' असा शब्दच आहे. त्याचा अर्थ आवड, हौस. एकूणात नफा मिळवण्याचा इरादा नाही असे ठरले, की त्यातली प्राप्तीही कराबाहेर आणि तोटाही कराबाहेर. दोन्ही बाजूंना एकच माप. ब्रिटनने एप्रिल २०१७पासून किरकोळ धंदा-उद्योगाच्या वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या जमेला करातून सूट दिली. जमा त्याहून अधिक झाली तर प्रत्यक्ष खर्च किंवा हे १,००० पौंड, यांपैकी जे सोयीचे ते वजा करावे. आयर्लंड १९६९पासून लेखक-चित्रकार-संगीतकारांच्या सर्जनशील कामाच्या उत्पन्नाला सूट देत आले आहे; तिची सध्याची मर्यादा वर्षाला ५०,००० युरो आहे. अमेरिकेचा प्रवास मात्र उलटा झाला. तेथे छंदाचा खर्च छंदाच्या उत्पन्नापुरता, काही अटींवर, वजा करता येत असे. २०१८पासून ती वजावट थांबली आणि २०२५च्या कायद्याने ते थांबणे कायमचे झाले; उत्पन्न मात्र करपात्रच राहिले. आपण या चौघांपैकी कोणाच्या जवळ उभे आहोत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

आक्षेप दोन संभवतात. पहिला असा की, २०२५-२६पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कर पडत नाही. मग हे रडगाणे कोणासाठी? हे खरे आहे की लहान उत्पन्नाच्या पुष्कळ हौशी मंडळींना आता कराची झळ लागत नाही, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण ही सवलत माणसाच्या एकूण उत्पन्नाला आहे. छंदाचा खर्च त्यात मोजला गेलेला नाही. पगाराने ती रेषा ओलांडली की वरचे उदाहरण जसेच्या तसे उभे राहते. काहींच्या बाबतीत प्रश्न उद्भवत नाही, म्हणजे तो सुटला असे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हौशी खर्चाला वजावट दिली, तर लोक आपल्या सहली, चैनी आणि खेळणी छंदाच्या नावावर टाकतील आणि पगारावरचा कर बुडवतील. ही भीती काल्पनिक नाही. आपल्या कायद्याने धंद्यातला तोटा पगारातून वजा करायला बंदी घातली आहे, ती अशाच अनुभवातून. म्हणून वजावटीला एकच कुंपण घालावे: छंदाचा खर्च छंदाच्या जमेपुरताच मोजायचा. चाळीस हजार आले तर चाळीस हजारांच्या पुढे एक रुपयाही वजा नाही. पगाराला हात नाही. उरलेला तोटा पुढच्या वर्षी नेणे नाही. इतके केल्यावर लबाडीला वाव राहतो तो क्षुल्लक. आणि तेवढ्यासाठीही पावत्या तपासायचा कंटाळा असेल, तर व्यावसायिकांना लावलेला निम्म्या खर्चाचा नियमच, एका लहान मर्यादेपर्यंत, हौशींनाही लावावा. तपासणी नको, वाद नको.

याखेरीज लहान रकमांसाठी एक उंबरठा असावा. ही काही नवी कल्पना नाही. १९६१च्या कायद्यात कलम १०(३) होते. प्रासंगिक आणि पुनःपुन्हा न होणाऱ्या प्राप्तीला ते वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत सूट देत असे. २००२च्या वित्त कायद्याने ते काढून टाकले. पाच हजार ही रक्कम त्या वेळीही फार मोठी नव्हती. पण तिच्यामुळे एका कथेचे, एका व्याख्यानाचे, एका चित्राचे पैसे हिशेबाच्या जाचातून सुटत. माणसाच्या आयुष्यात काही रकमा अशा असतात, की ज्या मागे लागण्याच्या लायकीच्या नसतात, हे त्या कलमाला ठाऊक होते. कायद्याने कोठे डोळेझाक करावी, हे ठरवण्यातही शहाणपण असते.

एवढ्याशा रकमांसाठी इतका ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. सरकारच्या तिजोरीच्या हिशेबात ही रक्कम नगण्य असेल, हे मान्य. पण छंदाचे मोल त्याच्या मानधनात नसतेच. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे पाहा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या एका माणसाने १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दारांच्या चौकटी. १९६०पर्यंत सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या, आणि १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. अनिल अवचटांसारखा लेखक लाकडात, कागदात, बासरीत रमला आणि 'छंदांविषयी' एक पुस्तकच मराठीला देऊन गेला. अशा माणसांच्या खर्चाच्या पावत्या कोणी मागितल्या नाहीत, आणि त्यांनीही त्या कोणाला दाखवल्या नाहीत. समाजाला छंदातून जे मिळते ते बहुतांशी असे, फुकट आणि न मोजलेले असते. त्या न मोजलेल्या कामातून क्वचित एखादी मोजता येण्याजोगी रक्कम बाहेर पडते, तेव्हा राज्याने तिच्यावर जरूर कर घ्यावा. फक्त त्याआधी, तिच्यासाठी या माणसाने काही खर्चले असेल काय, एवढे एकदा विचारावे. दुकानदाराला तो ते विचारतो, घोडे बाळगणाऱ्यालाही विचारतो. कवीला विचारायला हरकत नसावी.